दोन कायदे, दोन्हींचे कलम 124 आणि एक जुनी सायकल

पालघर जिल्ह्यातल्या बोईसरमध्ये जुनी सायकल विकत घ्यायला अर्धा तास पुरतो. हँडल हलवून पाहायचे, पुढचे चाक उचलून गरगर फिरवायचे, रिंगमध्ये आउट आहे का ते डोळा बारीक करून बघायचे, चेनला हात लावून तो पँटला पुसायचा आणि भावात पन्नास-शंभराची घासाघीस करायची. खरा खटाटोप त्यानंतरचा असतो. खैरापाड्यात घेतलेली सायकल पास्थळच्या खोलीवर न्यायची, तर मध्ये रेल्वे आडवी येते. लोहमार्गाने गावाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे केले आहेत. एक तर पुलाला वळसा घालायचा, नाही तर वीस किलोची सायकल खांद्यावर घेऊन जिने चढायचे. पुढे चित्रालय भागातल्या गर्दीत ब्रेक एकाच बाजूला लागतो हे कळते आणि पहिल्या सायकलवाल्याच्या दुकानासमोर स्वारी थांबते. विकणारा सांगत नाही ते सगळे सायकल या पहिल्या फेरीत स्वतः सांगून टाकते.

या भागात सायकलच्या आधी रेल्वे आली. बी.बी.सी.आय. रेल्वे कंपनीने 1864 मध्ये मुंबई आणि गुजरात रुळांनी जोडले. ब्रिटिशांनी 1882 मध्ये ठाणे जिल्ह्याचे गॅझेटिअर छापले, तेव्हा आजचा पालघर तालुका माहीम तालुका म्हणून ओळखला जाई आणि किनाऱ्यावरच्या गावांचा कारभार बैलगाडी, होडी आणि पाय यांवर चाले. दोन सारख्या चाकांची, साखळीवर चालणारी ‘रोव्हर’ इंग्लंडात 1885 मध्ये आली. डनलॉपने हवेचा टायर काढला तो 1888 मध्ये. म्हणजे सरकारने जिल्ह्याची इतकी बारकाईने नोंद केली, तेव्हा आज ओळखीची असलेली सायकल जगातच नव्हती.

ती आली विलायतेहून, मुंबई बंदरात उतरून. रॅले, हम्बर, हर्क्युलिस, बीएसए, फिलिप्स ही नावे आजही जुन्या माणसांच्या तोंडी आदराने येतात. तारापूर-चिंचणीसारख्या गावांत अशी सायकल ज्याच्या दारात, तो एक तर सावकार, नाही तर बागाईतदार, नाही तर सरकारी नोकर. बाकीच्यांच्या वाट्याला ती यायची दुसऱ्या किंवा तिसऱ्या हाताने. सेकंडहँडचा बाजार म्हणजे काही अलीकडच्या गरिबीची देणगी नव्हे. सायकल भारतात आली तेव्हापासून अनेकांना ती जुनीच मिळाली.

जुनी सायकल टिकते याला तिची घडण कारणीभूत आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लिश रोडस्टरचा साचा ठरला: लोखंडी नळ्यांची फ्रेम, अठ्ठावीस-दीडचे टायर, सळईचे ब्रेक, कॉटर पिनने ठोकून बसवलेले पायडलचे दांडे. भारतीय कारखान्यांनी पुढे तोच साचा जवळपास जसाच्या तसा उचलला. त्यामुळे एका कंपनीच्या फ्रेमला दुसरीचा चिमटा, तिसरीची रिंग आणि लुधियानाचे फ्रीव्हील बेलाशक बसते. कप-कोन बदलले, छर्रे आणि ग्रीस नवे घातले की पंचवीस वर्षांची सायकल पुन्हा रस्त्यावर येते. मोटारीचे असे होत नाही. नव्या गियरवाल्या सायकलचेही होत नाही आणि त्यामुळे गावच्या सायकलवाल्याचे तिच्याशी कधी फारसे जमले नाही.

देशी कारखाने दुसऱ्या महायुद्धाच्या उंबरठ्यावर उभे राहू लागले. त्यांतला हिंद सायकल हा कारखाना थेट मुंबईत, वरळीला होता. पुढे 1949 मध्ये मद्रासजवळ टीआय, मग आसनसोलला सेन-रॅले, सोनिपतला अ‍ॅटलस आणि 1956 मध्ये लुधियानाला हिरो अशी रांग लागली. हिंद आणि सेन-रॅले डबघाईला आल्यावर सरकारने 1980 मध्ये कायदा करून दोन्ही ताब्यात घेतले. ‘हिंद’चा बिल्ला हँडलखाली असलेली सायकल कुठे दिसली, तर ती मुंबईची लेक समजावी.

बोईसर-तारापूरला सायकलची खरी भूक लागली ती 1960 नंतर. तारापूरच्या अणुवीज केंद्राचे बांधकाम सुरू झाले आणि ऑक्टोबर 1969 मध्ये त्याच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या व्यापारी तत्त्वावर वीज देऊ लागल्या. देशातली ही पहिली अणुवीज. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ 1962 मध्ये स्थापन झाले होते आणि त्याची तारापूर वसाहत पुढच्या काळात बोईसरजवळ पसरत गेली: रसायने, औषधे, कापड, पोलाद. नाव तारापूरचे, पण वर्दळ सगळी बोईसरची. तारापूर गाव स्टेशनपासून दहा-बारा किलोमीटर लांब, समुद्राकडे.

कारखाना आला की पाळी आली. दिवसपाळीला बस मिळते, रिक्षा मिळते. रात्री पाळी सुटल्यावर खोलीवर कसे जायचे, याचे उत्तर वर्षानुवर्षे सायकल हेच होते. कामगार उत्तर प्रदेशातून, बिहारमधून, ओडिशातून आले. डहाणू-जव्हारच्या पाड्यांतून आले. गाव सोडून आलेला माणूस सायकल सोबत आणत नाही आणि परत जाताना नेतही नाही. जाणारा येणाऱ्याला सायकल विकतो आणि तिच्याबरोबर कुलूप-किल्ली, पंप आणि ‘मागच्या ट्यूबला जरा बघ’ असा सल्ला देतो. एकाच सायकलने एकाच चाळीतल्या चार जणांना कामावर नेले, असे अशा वस्तीत सहज घडते.

आता कायद्याचे बघू, कारण जुनी सायकल घरी नेणाऱ्याला पंक्चरपेक्षा जास्त धाक हवालदाराचा असे. सायकलला आरटीओची नोंदणी नाही, आरसी बुक नाही. मालकीचा पुरावा म्हणजे फ्रेमवर ठोकलेला नंबर आणि तो लिहिलेली पावती. चोरीचा माल माहीत असून घेतला, तर 1860 च्या भारतीय दंड संहितेच्या कलम 411 खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा होती. पण त्याहून जाचक होता 1951 चा मुंबई पोलीस कायदा. त्याचे कलम 124 सांगते, की चोरीची वाटावी अशी वस्तू कोणाच्या ताब्यात सापडली किंवा कोणी ती वाहून नेत असला आणि त्याला समाधानकारक खुलासा देता आला नाही, तर तो शिक्षेस पात्र. ‘वाहून नेणे’ हे शब्द जणू जुनी सायकल रात्री घरी नेणाऱ्यासाठीच लिहिले असावेत. त्यात दिवा नसेल, तर आगीत तेल. हवालदाराने चाकातली हवा सोडून देणे ही कुठल्याही पुस्तकात नसलेली पण सर्वांना ठाऊक असलेली शिक्षा.

गंमत अशी, की ग्रामपंचायतीचा सायकलशी संबंधही कलम 124 मधलाच. 1958 च्या ग्रामपंचायत कायद्यातल्या या कलमाने पंचायतींना जे कर बसवण्याचे अधिकार दिले, त्यांत सायकलींवरचा आणि जनावरांनी ओढायच्या गाड्यांवरचा कर आहे. सायकल आणि बैलगाडी एका ओळीत. शहरांत असा कर भरला की पितळेचा किंवा पत्र्याचा बिल्ला मिळे आणि तो सायकलला लावावा लागे. लोक कुरकुरत पैसे भरत, पण त्या बिल्ल्याचा एक फायदा होता. सायकल कोणाची, हे सांगणारा सरकारी कागद कुठेतरी तयार होई. पुढे शहरांतला तो कर गेला, बिल्ले गेले आणि जुन्या सायकलची ओळखही गेली. आज चोरीला गेलेली सायकल परत मिळणे हे नशिबावर आहे, त्याचे हेही एक कारण. कर रद्द होण्याचा आनंद सर्वांनी मानला. त्याची ही किंमत मात्र फारशी कोणी मोजली नाही.

सायकल लांबून आणायची असली की तऱ्हा वेगळी. मुंबईत घेतलेली सायकल पार्सल कार्यालयात नोंदवून, दांडीला नाव आणि स्थानकाचे लेबल बांधून ब्रेकव्हॅनमधून येई. एसटीच्या जुन्या गाड्यांना टपावर कॅरिअर आणि मागे शिडी असे; कंडक्टर सामानाचे तिकीट फाडी आणि सायकल दोरीने आडवी बांधली जाई. उतरवताना मडगार्ड वाकले, तर बोलायचे कोणाला? डहाणूपर्यंत लोकल आली ती 16 एप्रिल 2013 रोजी. तेव्हापासून मासळीच्या पाट्या, भाजी आणि दुधाच्या किटल्या यांच्यासाठी असलेला लगेज डबाही या मार्गाला मिळाला. जवळच्या गावाहून आणायची तर आपल्या सायकलवर बसायचे, डाव्या हाताने दुसरीचे हँडल मधोमध धरायचे आणि दोन्ही बरोबर चालवायच्या. हे कसब बघायला सोपे वाटते. दुसरीचे पायडल पहिलीच्या चाकात अडकले, की दोन्ही सायकली आणि माणूस एकदमच आडवे होतात.

किनाऱ्याकडे जाणाऱ्या सायकलचे आयुष्य कमी. सातपाटी, मुरबे, नवापूर, दांडी या गावांत खारा वारा चेनला आणि रिंगला सोडत नाही, त्यात मासळीचे पाणी कॅरिअरवरून गळत असते. शहाणे गिऱ्हाईक तिथली सायकल घेताना रंग पाहत नाही. सीटखालची नळी आतून सडली आहे का, ते नखाने ठोकून बघते.

2020 च्या मे महिन्यात हा सगळा प्रवाह उलटा फिरला. करोनाच्या टाळेबंदीत काम बंद झाले आणि जुन्या सायकली गावाकडे निघाल्या. पालघर स्थानकातून श्रमिक विशेष गाड्या सुटल्या. ज्यांचा नंबर लागला नाही त्यांच्यापुढे रस्ता होता. देशभर गाजले ते उदाहरण गुरुग्रामचे. ज्योती कुमारी या पंधरा वर्षांच्या मुलीने जुनी सायकल घेतली आणि जखमी वडिलांना मागे बसवून सुमारे 1200 किलोमीटरवरचे दरभंगा जिल्ह्यातले गाव गाठले. कौतुक खूप झाले. मुलीवर ती वेळ का आली, हा प्रश्न त्या कौतुकात बुडाला. त्याच सुमारास, 3 जून 2020 रोजी, अ‍ॅटलसचा साहिबाबादचा सायकल कारखाना बंद पडला; तो दिवस नेमका जागतिक सायकल दिन होता.

सर्वच सायकली घरी पोचल्या नाहीत. उत्तर प्रदेशातल्या सहारनपूरला मजुरांना थांबवून पुढे बसने पाठवले गेले आणि सायकली तिथेच जमा झाल्या. ज्या परत न्यायला कोणी आले नाही, अशा सुमारे 5400 सायकलींचा प्रशासनाने 2022 मध्ये लिलाव केला. एकवीस लाखांच्या आसपास रक्कम आली, म्हणजे सायकलमागे चारशे रुपयेही नाहीत. तिथून त्या पुन्हा जुन्या बाजारात गेल्या.

पालघर जिल्हा 1 ऑगस्ट 2014 रोजी ठाण्यातून वेगळा झाला. त्याचा स्वतंत्र इतिहास अजून लिहून व्हायचा आहे आणि त्यात अणुभट्टी, वसाहत आणि रेल्वे यांची पाने आपोआप भरतील. कामगार रोज कशावरून कामावर गेला, याचे पान मात्र घराघरांतल्या कागदांवरूनच लिहावे लागेल. बोईसर, पालघर, तारापूर, चिंचणीत ज्यांच्या पेटीत सायकल खरेदीची जुनी पावती, सायकलकराचा बिल्ला किंवा सायकल स्टँडचा पास पडून असेल, त्यांनी तो भंगारात किंवा रद्दीत घालू नये. फ्रेमचा नंबर आणि साल वहीत उतरवून गावच्या वाचनालयात नेऊन द्यावा.