नवोदित चित्रकारांसाठी : आत्मविश्वास घडतो रोजच्या वहीत

मलकापूर : शासकीय रेखाकला परीक्षांचे दिवस आले की घाटाखालच्या या तालुक्यातील विद्यार्थीही ड्रॉइंग बोर्ड आणि रंगपेट्या सांभाळत परीक्षा केंद्राकडे निघतात. आधी एलिमेंटरी, मग इंटरमीजिएट आणि त्यानंतर दहावीच्या अतिरिक्त गुणांचा हिशेब. प्रमाणपत्र हाती पडल्यावर मात्र अनेकांची पेन्सिल सुटते ती सुटतेच. काही वर्षांनी पुन्हा कोरा कागद समोर घेतला, की 'आता आपल्याला जमेल का?' ही शंका हात अडवते. आत्मविश्वास आल्यावर चित्र काढू, असे म्हणणाऱ्याचे चित्र बहुधा राहूनच जाते. कारण क्रम उलटा आहे. आधी सवय लागते, आत्मविश्वास तिच्या मागून येतो.

परीक्षेने दिलेली शिदोरी

वस्तुचित्र, स्मरणचित्र आणि संकल्पचित्र हे रेखाकला परीक्षेतील विषय केवळ श्रेणीसाठी नाहीत. वस्तुचित्र पाहायला शिकवते, स्मरणचित्र लक्षात ठेवायला आणि संकल्पचित्र मांडणी करायला. उणीव एकच राहते. परीक्षेत ठरावीक वेळेत एक पूर्ण चित्र द्यायचे असते आणि त्याचे मोल दुसरा कोणी ठरवतो. त्यामुळे प्रत्येक चित्र 'दाखवण्याजोगे' असलेच पाहिजे, असा समज मनात घर करतो. नवोदिताचा आत्मविश्वास खचतो तो बहुतेक वेळा या समजामुळेच.

सुरुवात कशी करावी?

महागडे साहित्य घेऊ नये. भारी कागदावर रेघ ओढताना हात कचरतो. साधी कोरी वही, एक टूबी व एक सिक्सबी पेन्सिल पुरेशी आहे. पहिले काही आठवडे खोडरबर दूरच ठेवावे. चुकलेली रेघ तशीच राहू द्यावी आणि शेजारी दुरुस्त रेघ काढावी. दोन्ही रेघा शेजारी दिसल्या, की नेमके काय चुकले ते कळते.

वेळ थोडी असली तरी चालेल, पण ठरलेली असावी. सकाळच्या चहानंतरची वीस मिनिटे रोज दिली, तर आठवड्यातून एकदा सलग तीन तास बसण्यापेक्षा त्यांचा उपयोग अधिक होतो. प्रत्येक पानावर तारीख घालावी आणि कोणतेही पान फाडू नये.

या वीस मिनिटांचे तीन भाग करता येतात. पहिली पाच मिनिटे जलद रेखाटनाची. दहा मिनिटे तांब्या, चप्पल, कंदील अशा एखाद्या वस्तूच्या अभ्यासाची. हात सरळ ताणून पेन्सिलीवर अंगठ्याने माप घ्यावे आणि उजेड एकाच बाजूने येईल असे बसावे. उरलेली पाच मिनिटे स्मरणचित्राची. एखादे दृश्य अर्धा मिनिट न्याहाळून पाठ फिरवावी, आठवेल ते काढावे आणि मग मूळ दृश्याशी ताडून पाहावे.

विषय शोधण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. मुंबई-नागपूर लोहमार्गावरील स्थानकात गाडीची वाट पाहणारी माणसे, हंगामात कापसाने भरून येणारी वाहने, भाजीबाजारातील पाली, नळगंगेचा काठ हे सारे मलकापूरकरांच्या रोजच्या वाटेवरच आहे.

नक्कल कमीपणाची नव्हे

'बघून काढले' असे म्हणून अनेकांना हिणवले जाते. अजिंठ्याचा इतिहास मात्र वेगळे सांगतो. रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याने १८४४ नंतर अनेक वर्षे तेथील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या. त्यातील बहुतेक १८६६ मध्ये इंग्लंडमधील क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. पुढे १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांसह ते काम नव्याने केले. त्या प्रतिकृतींपैकीही अनेक १८८५ मध्ये लंडनमध्ये आगीच्या भक्ष्यस्थानी पडल्या. कागद-कॅनव्हास गेले, पण त्या कामातून तयार झालेले हात उरले. त्या विद्यार्थ्यांपैकी पेस्तनजी बोमनजी पुढे नामवंत चित्रकार झाले. गिल यांचे १८७९ मध्ये निधन झाले. त्यांची कबर मलकापूरच्याच रेल्वेमार्गावरील भुसावळला आहे.

नक्कल करताना मूळ चित्रकाराचे नाव पानावर लिहावे आणि ती स्वतःची कृती म्हणून मिरवू नये. एवढे पथ्य पाळले, तर तिच्यासारखा शिक्षक नाही.

तुलना कोणाशी?

मोबाइलवर दिसणाऱ्या चित्रांशी तुलना केली, तर निराशाच पदरी येते. तेथे तयार चित्र दिसते, त्यामागच्या भरलेल्या वह्या दिसत नाहीत. संख्येचा धाकही बाळगू नये. नागपुरात १९२४ मध्ये जन्मलेले वासुदेव गायतोंडे वर्षाकाठी मोजकीच चित्रे पूर्ण करीत. तरीही भारतीय अमूर्त चित्रकलेत त्यांचे स्थान अग्रभागी आहे.

तुलना करायचीच तर तीन महिन्यांपूर्वीच्या आपल्याच पानाशी करावी. शाळेतील कलाशिक्षक किंवा जाणकार अशा एकाच व्यक्तीला वही दाखवावी आणि 'कसे आहे?' याऐवजी 'कुठे चुकले?' असे विचारावे. उत्तर नेमके मिळाले, की पुढच्या आठवड्याचा सराव आपोआप ठरतो.

पुढे कलाशिक्षण घ्यायचे असल्यास नागपूर, छत्रपती संभाजीनगर व मुंबई येथे कलासंस्था आहेत. प्रवेश मिळो वा न मिळो, वहीचे उद्याचे पान मात्र कोणाच्याही परवानगीवाचून उघडता येते.