गळणारा व्हॉल्व्ह

क्रेनला भार टांगलेला, लिव्हर मधोमध, इंजिन बंद. तरीही बूम अगदी हळू, मिनिटाला बोटभर खाली येत होता. मी सरळ कंट्रोल व्हॉल्व्ह खोलायला घेतला. मिस्त्री म्हणाले, "अरे, स्पूल गळणारच. त्याच्या भरवशावर भार कोण ठेवतं?" या वाक्यामागे दोनशे वर्षांचा इतिहास आहे, हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

१७९५ साली इंग्लंडमधल्या जोसेफ ब्रामा या कुलूप बनवणाऱ्या कारागिराने पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या प्रेसचं पेटंट घेतलं. तत्त्व पास्कलने सतराव्या शतकातच मांडलं होतं. अडचण होती दट्ट्याभोवतीच्या फटीची. फट सैल ठेवली तर पाणी निसटे, घट्ट आवळली तर दट्ट्याच अडके. त्यावर वाटीसारखं वळवलेलं चामडं बसवण्यात आलं. ही युक्ती ब्रामाकडे काम करणाऱ्या हेन्री मॉडस्लेची, असं सांगतात. दाब वाढला की चामड्याची कड दट्ट्याला आणखी बिलगते. जो दाब गळती करणार, तोच ती अडवतो.

१८४६ मध्ये पेशाने वकील असलेल्या विल्यम आर्मस्ट्राँगने न्यूकॅसलच्या धक्क्यावर शहराच्या नळाच्या पाण्यावर चालणारी क्रेन उभी केली. तिची ताकद नळातून येई, त्यामुळे ती जागची हलू शकत नव्हती. आजची मोबाइल क्रेन स्वतःचा पंप आणि तेलाची टाकी सोबत घेऊन फिरते. १९३९ मध्ये नील्स क्रिस्टेनसेनला ओ-रिंगचं अमेरिकन पेटंट मिळालं. चामड्याचीच युक्ती रबरात आली.

कंट्रोल व्हॉल्व्हमध्ये ओ-रिंगा असतात, पण स्पूलच्या टोकांना आणि सेक्शनच्या जोडांमध्ये. आत तेलाची वाट बदलणाऱ्या जागी कुठलंच सील नसतं. स्पूल आणि बोअर यांच्यात काही मायक्रॉनची फट असते आणि तेलाचा दाटपणाच तिथे बांध घालतो. स्पूल हलका सरकावा म्हणून ही थोडी गळती मुद्दाम पत्करलेली आहे.

व्हॉल्व्हच्या सर्व्हिसिंगचे नियम यातूनच येतात. आधी बूम टेकवायचा, इंजिन बंद करून लिव्हर हलवून दाब काढायचा. प्रत्येक स्पूल त्याच्याच बोअरला जुळवलेला असतो, म्हणून अदलाबदल करायची नाही. ओरखडा दिसला तरी पॉलिशपेपर लावायचा नाही, फट वाढते. पुसायला सूत सुटणारी चिंधी नको. सेक्शन जोडणारे लांब बोल्ट टॉर्क पान्याने टप्प्याटप्प्याने, सारखे आवळायचे. जास्त आवळले की बॉडी किंचित दबते आणि स्पूल अडकतो. रिलीफ व्हॉल्व्हचा दाब आटे मोजून नव्हे, गेज लावूनच ठरवायचा.

आणि भार? तो धरतो सिलिंडरवरच बसवलेला होल्डिंग व्हॉल्व्ह. पाइप फुटला तरी बूम कोसळू नये म्हणून तो तिथे असतो. त्या दिवशी त्याच्या सीटवर धातूचा बारीकसा कण सापडला. मी मात्र तोवर अर्धा दिवस निर्दोष स्पूल तपासत बसलो होतो.

ब्रामाला गळती थांबवायची होती. पुढच्यांनी कुठे गळू द्यायचं आणि कुठे एक थेंबही नाही, हे ठरवलं. बूमखाली माणसं उभी असतात. हा फरक मेकॅनिकने विसरून चालत नाही.