मुक्या माणसाची साक्ष

शास्त्राचा इतिहास म्हटला कीं शास्त्रज्ञांचीं नांवें आणि त्यांच्या शोधांचीं सालें आपल्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. मज्जातंतुशास्त्राच्या इतिहासांतहि अशीं नांवें पुष्कळ आहेत. परंतु आज जी हकीकत मी आपणांस सांगणार आहें, तींत वैद्याइतकाच रोग्याचाहि वांटा आहे. आणि तो रोगी असा, कीं त्याला जवळजवळ एकाच शब्दापलीकडे बोलतां येत नव्हतें.

पॅरिस शहराच्या दक्षिणेस बिसेत्र नांवाचें एक जुनें रुग्णालय आहे. तेथें १८४० च्या सुमारास एक तिशीचा कारागीर दाखल झाला. जोडे बनविण्याचे लांकडी सांचे करणें हा त्याचा धंदा. लहानपणापासून त्याला फेंफरें येत असे, आणि आतां त्याची वाचा गेली होती. कांहींहि विचारलें तरी तो "तां, तां" एवढेंच म्हणे. राग अनावर झाला म्हणजे मात्र शपथेचा एक उद्गार त्याच्या तोंडून निघे. रुग्णालयांत सर्वजण त्याला "तां" याच नांवानें ओळखूं लागले. दहा वर्षांनीं त्याचा उजवा हात लुळा पडला. पुढें उजवा पायहि गेला आणि त्यानें अंथरूण धरलें. १८६१ च्या एप्रिल महिन्यांत तो पाय सडूं लागला, म्हणून त्याला शस्त्रक्रियेच्या विभागांत हलविण्यांत आलें. तेथील शस्त्रवैद्य होते ३६ वर्षांचे पॉल ब्रोका.

याच सुमारास पॅरिसच्या विद्वत्सभांतून एक वाद रंगला होता. मेंदू हा सर्वत्र सारखाच काम करतो, कीं त्याच्या निरनिराळ्या भागांकडे निरनिराळीं कामें वांटून दिलेलीं आहेत? कवटीवरील उंचवटे चांचपून माणसाचा स्वभाव सांगणाऱ्या गाल या वैद्याच्या मतांमुळें दुसऱ्या पक्षाची बरीच थट्टा झाली होती. तरीहि बुइयो या वैद्यानें १८२५ पासून असें प्रतिपादन चालविलें होतें, कीं वाणीचें स्थान मेंदूच्या पुढच्या भागांत आहे. त्याच्या जांवयानें तर जाहीरच केलें होतें, कीं वाचा गेलेल्या एका रोग्याच्या मेंदूचा पुढचा भाग शाबूत निघाला, तर आपण आपलें मत सोडून देऊं. या वादाचा निकाल लावूं शकेल असा साक्षीदार ब्रोकांच्या समोर येऊन पडला होता. पण तो मुका होता.

ब्रोकांनीं त्याची बारकाईनें परीक्षा केली. जीभ हलत होती, कान शाबूत होते. "येथें येऊन किती वर्षें झालीं?" असें विचारतांच त्यानें आपला डावा पंजा चार वेळां उघडला आणि मग एक बोट दाखविलें. पांच चोक वीस आणि एक, एकवीस! हिशेब बरोबर होता. दुसऱ्या दिवशीं तोच प्रश्न, तेंच उत्तर. तिसऱ्या वेळीं मात्र हा आपली परीक्षा घेत आहे हें त्याच्या ध्यानांत आलें, आणि त्यानें संतापून तो शपथेचा उद्गार काढला. श्रोतेहो, त्या रागाइतका बुद्धीचा दुसरा कोणता पुरावा पाहिजे?

१७ एप्रिल १८६१ रोजीं तो रोगी वारला. त्याचा मेंदू ब्रोकांनीं विद्वत्सभेपुढें ठेवला. डाव्या बाजूस, पुढच्या भागाच्या तिसऱ्या वळीच्या जागीं कोंबडीच्या अंड्याएवढी पोकळी झाली होती. कांहीं महिन्यांनीं लेलों नांवाच्या ८४ वर्षांच्या दुसऱ्या रोग्याच्या मेंदूंतहि त्याच ठिकाणीं विकृति आढळली. आणखी रोगी पाहिल्यावर, आपण बोलतों तें मेंदूच्या डाव्या अर्धानें, असें ब्रोकांनीं १८६५ मध्यें प्रतिपादिलें. दाक्स नांवाच्या फ्रेंच वैद्यानें हें १८३६ मध्येंच लिहून ठेवलें होतें. परंतु त्याचा निबंध त्याच्या मुलानें १८६५ मध्यें प्रसिद्ध केला. पुढें १८७४ मध्यें २६ वर्षांच्या कार्ल वेर्निके या जर्मन वैद्यानें दाखविलें, कीं मेंदूचा दुसराच एक भाग बिघडला असतां रोगी भराभर बोलतो, पण त्याच्या बोलण्यास अर्थ नसतो आणि दुसऱ्याचें बोलणें त्याला समजत नाहीं.

ब्रोकांनीं आणखी एक मोठी गोष्ट केली. त्यांनीं तो मेंदू कापला नाहीं; मद्यार्कांत अखंड जतन करून ठेवला. त्यामुळें २००७ मध्यें, म्हणजे १४६ वर्षांनीं, चुंबकीय यंत्रानें त्याचें अंतरंग पाहतां आलें. तेव्हां असें दिसून आलें, कीं विकृति केवळ वरच्या वळीपुरती नव्हती, तर आंतील तंतूंच्या जुडग्यांपर्यंत खोल गेली होती. वाणी एका बिंदूंत राहत नाहीं. अनेक भागांच्या जोडणीवर ती उभी असते. मूळ साक्षीदार जपला होता, म्हणूनच पहिला निष्कर्ष दुरुस्त करतां आला.

त्या माणसाची ओळखहि १५० वर्षें अर्धवटच राहिली होती. लबोर्न हें त्याचें आडनांव ठाऊक असूनहि पुष्कळ पुस्तकांतून तो "तां" म्हणूनच वावरला. २०१३ मध्यें जुन्या दप्तरांतून केलेलें संशोधन प्रसिद्ध झालें, तेव्हां त्याचें पूर्ण नांव कळलें: लुई व्हिक्तोर लबोर्न. त्याचा बाप शाळामास्तर होता. जन्मभर मुलांची हजेरी घेतलेल्या माझ्यासारख्यास ही गोष्ट विशेष लागते. आपल्या मुलास नांवानिशीं हांक मारतां येऊं नये, याहून बापास दुःखाचें तें काय असावें?

या इतिहासांतून आपण घ्यावयाचें तें एवढेंच, कीं वाचा गेली म्हणजे बुद्धि गेली असें नव्हे. अर्धांगानें वाचा गेलेलीं वडील माणसें आपल्याहि घरांतून असतात. त्यांच्या देखत त्यांच्याविषयीं आपण असें बोलतों, जणूं तीं तेथें नाहींतच. त्यांना विचारावयाचें तें दुसऱ्यासच विचारतों. कित्येकांना समजण्याचीहि अडचण असते हें खरें. पण तें पारखल्यावांचून ठरवूं नये. प्रश्न लहान करावा, उत्तरास वेळ द्यावा, "हो" किंवा "नाहीं" एवढ्या खुणेवर भागेल असें विचारावें, आणि त्यांच्या तोंडचा अर्धा शब्द आपण घाईनें पुरा करूं नये. समोरच्या माणसाजवळ सांगण्यासारखें कांहीं आहे, असें धरून चालावें. ब्रोकांनीं तसें धरलें, आणि एका मुक्या माणसानें पांच बोटांनीं त्यांना उत्तर दिलें.