दम्याचा स्टेरॉइड पंप लगेच का लागू पडत नाही?

गळीत हंगामात कोल्हापूर परिसरात गुऱ्हाळांचा धूर आणि पहाटेची थंडी एकत्र आली की दमा उचल खातो. सॅल्ब्युटामॉलचा पंप काही मिनिटांत छाती मोकळी करतो, कारण तो श्वासनलिकेचे आवळलेले स्नायू थेट सैल करतो. पण आतली सूज तशीच राहते. म्हणून फक्त याच पंपावर भागवणे धोक्याचे.

ब्युडेसोनाइडसारख्या स्टेरॉइडचे काम जनुकांवर चालते. पेशीतली सगळी जनुके एकाच वेळी वाचली जात नाहीत. कोणती वाचायची, हे डीएनएला चिकटणारी काही प्रथिने ठरवतात. वाचलेल्या जनुकाची आरएनए-प्रत निघते आणि तिच्यावरून प्रथिन बनते. स्टेरॉइड पेशीत शिरून अशाच एका प्रथिनाला जोडले जाते, दोघे केंद्रकात जातात आणि सूज वाढवणाऱ्या जनुकांचे वाचन मंदावते. आधी बनलेली प्रथिने संपून सूज ओसरायला मात्र काही दिवस, कधी आठवडे लागतात.

तेव्हा ‘फरक नाही’ किंवा ‘आता बरंय’ म्हणून हा पंप परस्पर बंद करू नका. स्टेरॉइड या शब्दाला घाबरू नका. पंपातली मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते. पंपानंतर चूळ भरा. बोलताना धाप लागली किंवा ओठ निळसर दिसले, तर लगेच रुग्णालय गाठा.