मेलेल्या कंपन्यांची वही
माझी उमेदीची वर्षं फोर्टात शेअर ट्रान्सफरच्या टेबलावर गेली. आजोबांच्या ट्रंकेतलं सर्टिफिकेट घेऊन कुणी आलं, की आधी एवढंच बघायचं: कंपनी बुडाली, की दुसरीत विलीन झाली? बुडाली तर रद्दी. विलीन झाली तर वारसाच्या हाती काही लागूही शकतं.

नावावर मात्र जाऊ नये. बँक ऑफ बॉम्बेच घ्या. १८४०ची बँक शेअरबाजाराच्या वेडात नको त्यांना कर्जं देऊन १८६५नंतर खचली. १८६८मध्ये ती गुंडाळली आणि त्याच नावाची नवी निघाली. ही दुसरी १९२१मध्ये इम्पीरियल बँकेत गेली, इम्पीरियलची १९५५मध्ये स्टेट बँक झाली. तेव्हा आधी तारीख वाचायची, मग नाव.

बॅक बे रेक्लमेशनसारख्या त्या वेडातल्या कंपन्यांसाठी दिनशा वाच्छांचं पुस्तक आहे. ते वाचनीय, पण शोधायला किचकट. त्यापेक्षा लंडन शेअरबाजाराच्या वार्षिकातून वगळलेल्या कंपन्यांचं रजिस्टर बरं: रूक्ष, पण अकारविल्हे. अमेरिकेत मार्विन स्कडर यांच्या नावानं १९२६मध्ये अशा नामशेष कंपन्यांचं मॅन्युअलच निघालं. पुढे रॉबर्ट फिशरनं ते काम चालवलं. त्याच्या मॅन्युअलच्या नावातच मोलाचे आणि कवडीमोल रोखे शेजारी बसलेत.