उसना उपग्रह

१९७५ च्या उन्हाळ्याच्या तोंडाशी अलास्कातील फोर्ट युकॉन आणि गॅलीना या दोन गावांच्या दवाखान्यांतील दूरचित्रवाणीचे पडदे काळे पडले. यंत्र बिघडले नव्हते, की कोणी तार तोडली नव्हती. ज्या उपग्रहाच्या आधाराने दूरच्या इस्पितळातला डॉक्टर तेथल्या रुग्णाला डोळ्यांनी पाहत असे, तो उपग्रहच आपली जागा सोडून निघाला होता. निघाला कोठे? आपल्याकडे.

या उपग्रहाचे नाव एटीएस-६. अमेरिकेच्या 'नासा'ने तो ३० मे १९७४ रोजी सोडला. अवकाशात गेल्यावर छत्रीसारखी उघडणारी त्याची सुमारे नऊ मीटर व्यासाची अँटेना हे त्या काळचे नवलच होते. १९६९ साली विक्रम साराभाईंच्या पुढाकाराने भारताने जो करार केला होता, त्यान्वये हा उपग्रह एक वर्षापुरता आपल्याला उसना मिळावयाचा होता. साराभाई १९७१ च्या अखेरीस गेले. ते वर्ष पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. प्रयोगाची धुरा वाहिली ती कोल्हापुरात जन्मलेल्या एकनाथ वसंत चिटणीस यांनी. १ ऑगस्ट १९७५ पासून सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत पडदे उजळले. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची तीन मीटर व्यासाची अँटेना, शेजारी संच, आणि वीज नसेल तेथे बॅटरी. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता.

शेती, शाळा, कुटुंबनियोजन, आरोग्य असे सारे त्या पडद्यावर येई. पण एक गोष्ट विसरता कामा नये. ताप आलेल्या मुलाची काळजी कशी घ्यावी हे पडदा सांगू शके. 'माझ्या मुलाला ताप आहे' हे पडद्याला सांगण्याची सोय नव्हती. अलास्काने गमावले ते दोन्ही बाजूंनी चालणारे बोलणे होते. आपण मिळवले ते एका बाजूचे. एकाच उपग्रहाची ही दोन रूपे शेजारी ठेवून पाहण्याचे कोणाला फारसे सुचलेले दिसत नाही.

अलास्काची हकीकत थोडी मागे जाऊन सांगितली पाहिजे. तेथील खेड्यांत डॉक्टर नव्हते. गावातल्याच, बहुधा आदिवासी स्त्रियांना थोडेबहुत शिक्षण देऊन आरोग्यसेविका नेमीत. लघुलहरींच्या रेडिओवरून त्या डॉक्टरला विचारीत. पण उत्तर ध्रुवाजवळचे आकाश मोठे लहरी, आणि कित्येक दिवस आवाजच पोचत नसे. १९७१ साली एटीएस-१ या जुन्या उपग्रहावरून नुसत्या आवाजाची सोय झाली. रोज ठरलेल्या वेळी गावोगावच्या सेविका आपापले रुग्ण सांगत, आणि एकीला मिळालेला सल्ला बाकीच्याही ऐकत. यांतून त्या किती शिकल्या असतील! मग एटीएस-६ चे चित्र आले. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या अभ्यासकांनी ते तपासले, तेव्हा चित्राने आवाजापेक्षा विशेष फरक पडल्याचे दिसले नाही. म्हणून चित्र गेले तरी अलास्काचे अडले नाही. राज्याने पैसा घातला तो शंभराहून अधिक खेड्यांत लहान भूकेंद्रे बसविण्यावर. आवाज टिकला.

इकडे ३१ जुलै १९७६ रोजी आपले वर्ष भरले आणि उपग्रह परत गेला. काही भागांत जमिनीवरची प्रक्षेपण केंद्रे उभारून कार्यक्रम चालू ठेवले. उरलेल्या खेड्यांतले संच मुके झाले. या अनुभवाचा एक लाभ मात्र झाला : उसन्यावर घर चालत नाही हे पटले. १९८२ चा इन्सॅट-१ए काही महिन्यांतच निकामी झाला, तरी १९८३ चा इन्सॅट-१बी टिकला.

दूरवैद्यक या अर्थाने मात्र आपली सुरुवात पुष्कळ उशिरा झाली. मार्च २००० मध्ये आंध्रातील अरगोंडा या खेड्यातील केंद्राचे उद्घाटन अमेरिकेचे अध्यक्ष क्लिंटन यांच्या हस्ते झाले. २००१ पासून 'इस्रो'ने हे काम हाती घेतले, आणि दहाएक वर्षांत तिच्या जाळ्यात ३८२ रुग्णालये आली. त्यांतली ३०६ दूरची व ग्रामीण. उपग्रहावरची जागा 'इस्रो' देई. पण बॅटरी संपली की नवी कोणी घ्यावयाची, यंत्र चालविणाऱ्याचा पगार कोणत्या खात्यातून काढावयाचा, आणि मोठ्या शहरातल्या तज्ज्ञाने आपला भरगच्च दिवस मोडून दुपारी दोनचा तास का द्यावयाचा, हे प्रश्न आकाशातले नव्हते. माझ्या मते या चळवळीचा खरा इतिहास या हिशेबाच्या वह्यांत आहे. उद्घाटनांच्या छायाचित्रांत तो सापडावयाचा नाही.

पुढे तर आपणच देणारे झालो. २००४ साली राष्ट्रपती कलाम यांनी आफ्रिकेपुढे एक योजना मांडली; २००९ मध्ये तिचा पहिला टप्पा सुरू झाला. भारतातील बारा मोठी रुग्णालये आफ्रिकी देशांतील रुग्णालयांना उपग्रहाने जोडावयाची आणि पाच वर्षांचा खर्च भारताने सोसावयाचा. प्रत्येक देशाला रुग्णालयाबरोबर राष्ट्रप्रमुखांसाठीही एक खास जोडणी मिळे; ती किती वापरली गेली असेल, असो. पाच वर्षे संपल्यावर काय, हा प्रश्न येथेही होताच. २०१९ मध्ये 'ई-आरोग्यभारती' आली ती उपग्रह सोडून साध्या इंटरनेटवर.

त्याच वर्षी नोव्हेंबरात देशात 'ई-संजीवनी' सुरू झाली. पुढल्या मार्चमध्ये महामारीच्या धाकाने का होईना, दुरून औषध लिहून देण्याचे नियम झाले, आणि फेब्रुवारी २०२३ पर्यंत सल्ल्यांची संख्या दहा कोटींवर गेली. यांतले पुष्कळसे सल्ले गावच्या उपकेंद्रातून घेतले जातात. तेथे रुग्णाशेजारी समुदाय आरोग्य अधिकारी बसलेला असतो. आपल्याकडे बहुधा आयुर्वेदाचा पदवीधर, इतरत्र पुष्कळदा परिचारिका. नाडी तो पाहतो, रक्तदाब तो मोजतो, डॉक्टरला समजेल अशा भाषेत दुखणे तो सांगतो, आणि पडदा मिटल्यावर रुग्णाला औषध कसे घ्यावयाचे हेही तोच पुन्हा समजावतो. फोर्ट युकॉनच्या सेविकेचेच हे काम. त्याची नेमणूक अनेक राज्यांत कंत्राटी असते.