फटफटीचा आवाज आणि शेजाऱ्याची झोप

मोटारसायकल महाराष्ट्रात आली तेव्हा आपल्या लोकांनी तिचे नामकरण तिच्या आवाजावरून केले. ‘फटफटी’ हा शब्द कोणा पंडिताने घडविला नाही. तो रस्त्यावर, कानाला जे ऐकू आले त्यातून जन्मला. या शब्दाबरोबर एक समजूतही आपल्या मनात घर करून बसली. ती अशी, की फटफट जितकी मोठी तितके यंत्र बलवान. सायलेन्सरची पुंगळी काढून गल्लीतून सुसाट जाणाऱ्या तरुणाच्या मनात आजही हीच समजूत असते. आवाज कमी केला तर यंत्राचा जोर जाईल, असे त्याला प्रामाणिकपणे वाटते. ही समजूत कितपत खरी आहे, हे इतिहासाला विचारून पाहावे, असा आमचा आजचा बेत आहे. आणि त्यासाठी आपणांस इंग्लंडातील सरे परगण्यात जावे लागेल.

तेथे वेब्रिज गावाजवळ ह्यू लॉक किंग या जमीनदाराने स्वखर्चाने, आपल्याच जमिनीवर, मोटारींसाठी काँक्रीटचा पावणेतीन मैलांचा वर्तुळाकार मार्ग बांधविला. त्याचे नाव ब्रुकलँड्स. जून १९०७ मध्ये तो खुला झाला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस एस. एफ. एज या गृहस्थाने त्यावर नेपियर मोटार सलग चोवीस तास हाकून ताशी सुमारे ६६ मैलांची सरासरी गाठली. सगळीकडे वाहवा झाली. पण त्या रात्री आसपासच्या घरांतून कोणाच्या डोळ्याला डोळा लागला नाही. तक्रारी आल्या आणि ब्रुकलँड्सवर रात्री गाड्या पळविणे बंद झाले. पुढे १९२९ साली चोवीस तासांची शर्यत घ्यावयाची ठरली, तेव्हा ती दोन दिवसांत बारा-बारा तासांची करावी लागली. मधल्या रात्री गाड्या कुलपात! विक्रमाइतकाच शेजाऱ्याच्या झोपेलाही मान द्यावा लागतो, हा धडा तेथे असा आरंभीच मिळाला.

पुढचे सांगण्यापूर्वी हा आवाज होतो कसा, ते थोडक्यात पाहू. सिलिंडरमध्ये मिश्रण पेटते, दट्ट्या खाली ढकलला जातो आणि जळका वायू बाहेर घालविण्यासाठी झडप उघडते. त्या क्षणी आतला दाब बाहेरच्या हवेच्या कैक पट असतो. कोंडलेला वायू झेपावतो व हवेला धक्का देतो. अशा धक्क्यांची मालिका म्हणजेच फटफट. सायलेन्सरचे मूळ तत्त्व साधे आहे. वायूला एकदम उघड्यावर न सोडता आधी एखाद्या ऐसपैस डब्यात पसरू द्यावयाचे, तेथे त्याचा दाब उतरवावयाचा आणि मग अरुंद तोंडातून सावकाश बाहेर काढावयाचे. अमेरिकेत रीव्ह्ज बंधूंनी १८९७ सालीच अशा साधनाचे पेटंट घेतले होते.

ब्रुकलँड्सवर मोटारसायकलींच्या शर्यती १९०८ पासून होत होत्या. महायुद्धानंतर त्यांची संख्या वाढली, उघड्या नळ्यांचा गडगडाट दिवसभर चालू लागला आणि १९२४ च्या सुमारास रहिवाशांचा संयम सुटून प्रकरण कायद्यापर्यंत गेले. त्यातून निघालेला तोडगा इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. मार्ग बंद झाला नाही आणि रहिवाशांनाही ‘कानांत बोटे घाला’ असे कोणी सांगितले नाही. १९२५ पासून ठराविक पद्धतीचा सायलेन्सर सक्तीचा झाला : एक मोठा डबा आणि त्याच्या शेवटी माशाच्या शेपटीसारखे चपटे तोंड. ‘ब्रुकलँड्स कॅन’, म्हणजे ब्रुकलँड्सचा डबा, या नावाने तो प्रसिद्ध पावला.

शर्यतवाल्यांना हे ओझे वाटणे स्वाभाविक होते. परंतु झाले काय? वेग वाढतच गेला. ४ जुलै १९३९ रोजी नोएल पोप याने ब्रो सुपीरियर मोटारसायकलवर ताशी १२४.५१ मैल वेगाने फेरी मारली. मोटारसायकलींसाठी तो या मार्गावरील अखेरचा विक्रम ठरला, कारण त्याच वर्षी महायुद्ध सुरू झाले आणि ब्रुकलँड्सच्या शर्यती कायमच्या थांबल्या. हा विक्रम डबा लावूनच झाला, हे ध्यानात ठेवले पाहिजे. याहून मौजेची गोष्ट अशी, की ज्यांना शर्यतीशी काही कर्तव्य नव्हते असे हौशी लोकही आपल्या गाड्यांना तो डबा व माशाचे शेपूट लावून मिरवू लागले. शेजाऱ्याच्या झोपेसाठी लादलेले साधन हेच वेगाचे भूषण ठरले!

असे का व्हावे? कारण शक्ती आवाजात नसते. वायू किती सुलभपणे बाहेर पडतो, यात ती असते. दाबाची लाट नळीच्या उघड्या टोकाशी पोचली, की तेथून विरळ हवेची लाट मागे फिरते. ती झडप उघडी असतानाच सिलिंडरपाशी आली, तर उरलासुरला जळका वायू ओढून घेते. म्हणून नळीच्या लांबीला आणि आकाराला महत्त्व. पूर्व जर्मनीत एम. झेड. कारखान्याच्या वाल्टर काडेन याने हे शास्त्र दुघाती यंत्रात पराकोटीला नेले. मधोमध फुगीर, दोन्हीकडे निमुळत्या अशा नळीतून त्याने लाटेलाच कामाला लावले; बाहेर निसटू पाहणारे ताजे मिश्रण ती आत ढकलू लागली. १९६१ साली त्याच्या १२५ घनसेंटिमीटरच्या यंत्राने सुमारे २५ अश्वशक्ती दिली. ते यंत्रही कर्णकर्कशच होते, हे कबूल. पण त्याचा जोर आकाराच्या हिशेबातून आला होता. हिशेब न करता पुंगळी उपटणारा मनुष्य हा मेळच बिघडवितो, आणि पुष्कळदा आवाज मिळवून जोर गमावतो.

आता आपल्या गल्लीकडे वळू. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांनी प्रत्येक वाहनाला सायलेन्सर आवश्यक केला आहे. नव्या दुचाकींसाठी यंत्राच्या आकारमानानुसार ७५, ७७ व ८० डेसिबल अशा मर्यादा ठरल्या. हे आकडे जवळजवळचे वाटतात, पण डेसिबलचे गणित फसवे आहे : दहा डेसिबल वाढले, की ध्वनीची ऊर्जा दसपट होते. २००० सालच्या नियमांनी निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल ठेवली. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ध्वनीचे नियम मोडणाऱ्यास दहा हजार रुपयांपर्यंत दंड वा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. काही शहरांत पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रोलरखाली चिरडूनही दाखविले.

दंड हवाच, परंतु रोलरने नळ्या चिरडतात, समजुती चिरडत नाहीत. आमच्या मते यंत्राची हौस असलेल्या तरुणाला ब्रुकलँड्सची हकीकत सांगितली पाहिजे. गाडीत फेरफार करण्याची त्याची हौस मुळात वाईट नाही. त्याच हौसेतून काडेन निर्माण होतात. त्याने फक्त एवढे ओळखावे, की नळीतून बाहेर पडणारा गडगडाट ही वाया गेलेली शक्ती आहे, आणि ती वाया जाताना पलीकडच्या घरातील आजाऱ्याची, तान्ह्या मुलाची आणि परीक्षेला बसलेल्या विद्यार्थ्याची रात्र घेऊन जाते. खरा कसबी कारागीर तोच, ज्याची गाडी पुढे निघून जाते आणि शेजारी झोपलेलाच राहतो.